लकवा छातीतून निघतो

आमच्या डॉक्टरांकडे लकव्याचा पेशंट आला, की त्याचे नातेवाईक आधी भांडायलाच उठत. माणसाचं तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय, वाचा गेलीय. सगळा बिघाड डोक्यातला. आणि हा डॉक्टर त्याचा सदरा काढून छातीवर थंडगार जेली चोपडतोय. अकोल्याच्या धान्यबाजारातल्या एका व्यापाऱ्याला असंच आणलं होतं. त्याचे थोरले भाऊ शेवटी न राहवून म्हणाले, "डॉक्टरसाब, मामला सर का है, आप सीना क्यूं देख रहे?"

पडद्यावरची नजर न हलवता डॉक्टर म्हणाले, "भाईजान, आग ऊपर लगी है. माचिस किसके पास है, वो देख रहा हूं."

आणि दोन मिनिटांनी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. हृदयाच्या टोकाशी एक गाठ चिकटली होती, रक्ताची. व्यापाऱ्याला महिन्यापूर्वी छातीत दुखलं होतं, गॅस समजून त्याने सोडा पिऊन टाकला होता. तो झटका होता. हृदयाचा तेवढा भाग हलायचा थांबला, तिथे रक्त साचून गोठलं, आणि त्यातलाच एक कण मेंदूत जाऊन अडकला. भाऊ तिथेच फरशीवर बसले. मी मात्र त्या वेळेपर्यंत अशी माणसं खाली बसताना बरीच पाहिली होती.

मी होते टायपिस्ट. अमरावतीहून बी.एस्सी. करून नोकरी शोधत अकोल्याला आले आणि डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायला लागले. नवं शतक नुकतंच लागलं होतं. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एवढंच मला माहीत होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला, "पोरी, आपल्या रिपोर्टात 'बहुतेक' लिहायचं नाही. दिसलं तर लिहायचं. नाही दिसलं तर नाही दिसलं लिहायचं. बहुतेक म्हंजे डॉक्टरले काम करायचा कंटाळा आला."

डॉक्टर म्हणजे वरूडकडच्या संत्र्याच्या गावचा माणूस. डोक्याला टक्कल, अंगात अर्ध्या बाह्यांचा जाड सदरा. खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचे, पंखा बंद करायचे, काळा पडदा ओढायचे आणि एका बुटक्या स्टुलावर बसायचे. अकोल्याच्या मे महिन्यात बिनपंख्याच्या खोलीत पेशंटला घाम, मला घाम, त्यांना मात्र नाही. पंख्याने पडदा हलतो आणि पडदा हलला की उजेड येतो, म्हणून पंखा नाही.

पेशंटच्या चेहऱ्याकडे ते बघतच नसत. बाजारात कुणी वाकून नमस्कार केला तर हे गोंधळून माझ्याकडे पाहायचे. पण तोच माणूस वर्षाने टेबलावर झोपला आणि मशीन छातीला लागलं, की एकदम ओळख पटायची. "अरे, तू तर मागच्या दिवाळीतला. भिंतीत बारकं छिद्रवाला." माणसाला आनंद व्हायचा. आपल्या छिद्राची कुणी एवढी आठवण ठेवली म्हणून.

खेड्यातल्या लोकांना ते घराचा दाखला द्यायचे. चार खोल्यांचं घर आहे, मधात भिंत आहे, दरवाजे आहेत. "लकवा डोक्यात होते, पन बऱ्याच वक्ती निघते छातीतून. कोन्या खोलीत गाठ लपून बसली, थे पाहून राहिलो." लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायचा प्रकार आमच्याकडे तेव्हा जोरात होता. पेशंट येत ते अंगाला सुकलेलं रक्त आणि एखाददुसरं पीस चिकटलेलं घेऊनच. डॉक्टर ओल्या फडक्याने ते स्वतः पुसायचे आणि विचारायचे, "डोक्याचा फोटो काढला का?" कारण सीटी स्कॅनच्या त्या फोटोवरून आधी कळायला हवं, की मेंदूतली नस फुटली की अडली. अडली असेल तरच ते गाठ शोधायला बसत. फोटो न काढता कबुतर घेऊन आलेल्यांना मात्र दारातूनच परत पाठवायचे, फोटो काढून या म्हणून.

त्या वर्षांत वऱ्हाडात सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. कुठल्या ना कुठल्या गावात कुणी फवारणीचं औषध प्यायलं, ही बातमी असायचीच. लोकांना तिची इतकी सवय झाली होती, की शेतात कुणी पडलेलं दिसलं तर दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या मनातही येत नसे.

सुनंदाचं तसंच झालं.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी सकाळी दहाला पोचले तर आमच्या गल्लीत गर्दी. समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोघांनी मिळून एका माणसाची गचांडी धरली होती. धरणारे सुनंदाचे भाऊ, आणि ज्याला धरलं होतं तो तिचा नवरा, प्रल्हाद. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली माणसं. सुनंदा बत्तीस वर्षांची. आदल्या दुपारी कपाशीच्या वावरात पडलेली सापडली, बाजूला फवारणीचा पंप. तालुक्याला नेऊन नाकातून नळी घातली, पोट धुतलं आणि रात्रीतून अकोल्याला आणलं. नवऱ्याच्या जाचाने बहिणीने औषध घेतलं, असं भावांनी हवालदाराला लिहून द्यायचं ठरवलं होतं.

डॉक्टर तिथे सकाळच्या राउंडला गेले होते. मी रिपोर्टवर त्यांच्या सह्या घ्यायला आत गेले, तेव्हा हवालदार खाटेशी वही घेऊन उभा होता.

"बाई, दवाई पेली का?" त्याने विचारलं.

सुनंदाने मान हलवली. हो.

हवालदार लिहायला लागला. डॉक्टर पुढे झाले. "थांबा जरा." ते खाटेवर वाकले. "बाई, आज होळी होय का?"

सुनंदाने मान हलवली. हो.

"मी तुयी माय होय का?"

हो.

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. डॉक्टर हवालदाराला म्हणाले, "समजायचा, बोलायचा भाग बंद पडला हिच्या मेंदूतला. काहीबी विचारा, हे हाव म्हनते. लिहिलं थे खोडा."

"पन साहेब," धाकटा भाऊ म्हणाला, "वावरात पडून होती. लुगड्याले दवाईचा वास येते."

"कपाशीत उभी होती, वास येनारच. हे पाहा." त्यांनी तिचा डावा हात उचलून सोडला, तो हळूच खाली आला. उजवा उचलून सोडला, तो दगडासारखा पडला. "विष एकच हात धरत नाही. तोंडाले फेस नाही. आन डोक्याच्या फोटोत डाव्या बाजूची नस अडलेली आहे. हिले माह्या खोलीत आना."

चौघांनी स्ट्रेचर उचललं. गल्लीतल्या सायकली, ऑटो थांबले. ज्याची गचांडी धरली होती, तो प्रल्हाद आता सलाइनची बाटली वर धरून चालत होता.

त्या दिवशी पडद्यावर जे दिसलं ते मी आजही डोळे मिटून सांगू शकते. डाव्या बाजूची वरची खोली फुगून दुप्पट झाली होती. तिथून खाली जायचा दरवाजा, म्हणजे झडप, ज्यातून दोन बोटं सहज जावीत, तो आक्रसून पेन्सिलीएवढा उरला होता. आणि फुगलेल्या खोलीच्या कोपऱ्यात सुपारीहून मोठी एक गाठ. ठोक्यागणिक ती हलत होती. ती सुटली तर काय, हे मला तोवर कळत होतं.

"हिले लहानपनी ताप येऊन सांधे सुजले होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

थोरल्या भावाने धाकट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नऊ-दहा वर्षांची होती. गुडघे सुजले होते. महिनाभर शाळेत नव्हती गेली. मंग आपोआप बरी झाली."

"बरी नाही झाली. थे दुखनं झडपेले लागलं. दरवाजा तवापासून बंद होऊन राहिला. रक्त साचलं, गाठ झाली, तिचा तुकडा डोक्यात गेला." डॉक्टर स्टुलावरून उठले आणि हवालदाराला पडदा दाखवून म्हणाले, "हा पुरावा. हिनं काही पेलं नाही. कोनाचा दोष नाही. जा आपल्या कामाले."

भावांनी प्रल्हादचे हात धरले. थोरला रडला. प्रल्हाद भिंतीला टेकून बसला आणि आपल्या हातांकडे पाहत राहिला. डॉक्टरांनी घामेजल्या लोकांकडे पाहिलं आणि माझ्या नोकरीत पहिल्यांदा स्वतः पंखा लावला.

मग पंधरा दिवस त्यांना दुसरा विषय नव्हता. आमच्या मशीनला एक व्हीसीआर जोडलेला असे, त्याच्यावर पेशंटचं हृदय कॅसेटवर उतरवून घेता येई. सुनंदाची कॅसेट त्यांनी येईल त्याला दाखवली. गावातल्या डॉक्टरांना, औषध कंपनीच्या माणसाला, बँकेतून आलेल्या साहेबालाही. "लोकं विष म्हनत होते. हे पाहा काय निघालं." बँकेच्या साहेबाला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

सुनंदाला रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. पण गाठ होती तिथेच होती. नागपूरला नेऊन हृदय उघडायचं, गाठ काढायची, नवी झडप बसवायची, हा एकच उपाय होता. सरकारी योजनेतून ते होणार होतं, तारीखही मिळाली. सहीचा हात लुळा, म्हणून संमतीच्या कागदावर फक्त तिचा अंगठा हवा होता. आणि सुनंदा अंगठा देत नव्हती. कागद पुढे केला की ती डाव्या हाताने ढकलून द्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

"भेते," डॉक्टर म्हणाले.

तिची सासू बाहेर बाकावर बसली होती. ती मला म्हणाली, "भेत नाही बाई, आळस आहे. लग्न झालं तवापासून असंच. दुसऱ्या बाया वावरात दोन ओळी निंदतात, तवर हे अर्धी. हंडा उचलला का बसली. कामचोर नुसती." म्हातारी वाईट नव्हती. रोज डबा घेऊन यायची, सुनेला भरवायची. पण सवयीने बोलत होती, जसं आपण ऊन फार आहे म्हणतो.

पुढच्या आठवड्यात गाठ पाहायला सुनंदाला पुन्हा आमच्याकडे आणलं. खोलीत आम्ही तिघंच. वाचा थोडी परतली होती. एखाददुसरा शब्द, तोही विहिरीतून बादली ओढावी तसा. डॉक्टर छातीवर मशीन फिरवत रागाने बोलत होते, की बाई, ही गाठ आज सुटेल का उद्या, आपल्या हाती नाही, तू अंगठा कावून देत नाही.

तिने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"बाटली," ती म्हणाली.

डॉक्टर थांबले.

"माही." मग पुष्कळ वेळ काही नाही. तिचे ओठ नुसतेच हलत होते. "झाकन." तिने आपल्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहिलं. "हात... पडला."

मला आधी काही समजलं नाही. डॉक्टरांना समजलं, कारण मशीन त्यांच्या हातातून घसरलं आणि पडद्यावरचं हृदय जाऊन नुसता राखाडी धूर राहिला. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पेशंटच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "आज होळी होय का?"

सुनंदाने मान हलवली. नाही.

"मी तुयी माय होय का?"

नाही.

"तू वावरात दवाई पेयाले गेलती का?"

हो.

माझे हात टाइपरायटरवर होते. ते तिथेच राहिले. म्हणजे बाई मरायला गेली होती. बाटलीचं झाकण फिरवणार, तेवढ्यात गाठीचा तुकडा सुटला, मेंदूत गेला आणि तोच हात पडला. झाकण उघडलंच नाही.

"कावून?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने छातीवर हात ठेवला. "दम," ती म्हणाली. श्वास लागतो, अशा अर्थाने. आणि मग, जोर लावून, तुकड्यातुकड्याने, "काम... चोर."

म्हणजे जी झडप तिला दोन ओळी निंदू देत नव्हती, हंडा घेऊन चार पावलं चालू देत नव्हती, जिच्यापायी लग्नापासून बारा वर्षं तिने घरादाराचं ऐकलं आणि शेवटी स्वतःलाही ते खरं वाटलं, त्याच झडपेने तिला बाटलीपर्यंत नेलं होतं. आणि त्या झडपेनेच तिचा हात पाडला होता.

डॉक्टरांनी मशीन उचलून पुन्हा तिच्या छातीला लावलं. मग त्यांनी मशीनचा पडदा धरून पूर्ण वळवला, तिच्या बाजूला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिचं हृदय आम्ही हवालदाराला दाखवलं, भावांना दाखवलं, बँकेच्या साहेबाला दाखवलं. तिला कधीच दाखवलं नव्हतं.

"हे पाह्य," ते म्हणाले. "हा तुया दरवाजा. एवढाच उघडते. साऱ्या अंगाले रक्त एवढ्यातूनच जाते. एवढ्याशा रक्तावर तू निंदत होती, पानी भरत होती, सैपाक करत होती. मी असतो तर खाटेवरून उठलो नसतो. तू कामचोर नाही. कोनी म्हनलं असंन तर त्याले दिसलं नव्हतं. मलेबी दिसलं नव्हतं."

ती बघत राहिली. खूप वेळ. मग तिने डावा हात पुढे केला आणि अंगठा वर धरला. शाईचा डबा आणायला मला जरा वेळच लागला, कारण मला नीट दिसत नव्हतं.

त्यांनी सासूला आणि प्रल्हादलाही बोलावून तोच दरवाजा दाखवला. बाटलीचं काही सांगितलं नाही. सासू म्हणाली, "मले काय माहीत बाप्पा, आतमधी असं असते," आणि पदर तोंडाला लावला. प्रल्हाद पडद्याकडे न पाहता सुनंदाकडे पाहत होता.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"दिसलं थे."

"आणि तिनं सांगितलं ते?"

"थे तिचं आहे." काळा पडदा सारता सारता ते म्हणाले, "मी हवालदाराले खोडायला लावलं, पोरी. तिनं तर खरं सांगितलं होतं."

"पण त्या दिवशी तिला काही समजत नव्हतं. तुम्हीच दाखवलं ना."

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले. पहिल्या दिवशीचा नियम सोडला, तर हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला. ती कॅसेट त्यानंतर कुणाला दाखवली नाही.

सुनंदाचं ऑपरेशन नागपूरला झालं. नीट झालं. धातूची झडप बसली. पाय जरा ओढत, पण ती स्वतःच्या पायांनी आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. धातूच्या झडपेला आयुष्यभर गोळी लागते, आणि रक्त किती पातळ आहे ते महिन्याला तपासावं लागतं. ती तपासणी मूर्तिजापुरातही होत होती. डॉक्टरांनी सांगितलं, नाही, अकोल्यालाच यायचं. प्रल्हाद मजुरी बुडवून तिला घेऊन यायचा. आल्यावर डॉक्टर त्याला म्हणायचे, "कोपऱ्यावरून चहा सांगून ये." चहा सांगायला आमच्याकडे माणूस होता. तो गेला की हे सुनंदासमोर बसायचे आणि विचारायचे, "घरी बरं आहे ना?" तिला उत्तराला पाच-पाच मिनिटं लागत. बाहेर पेशंट खोळंबलेले असत. एरवी कुणाचं वाक्य पुरं न होऊ देणारा हा माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसून राहायचा. असं दीड वर्ष चाललं.

एका महिन्यात प्रल्हाद चहा सांगायला गेलाच नाही. सुनंदाला बाहेर बसवून तो एकटा आत आला आणि दाराशी उभा राहिला.

"साहेब, तुमी मले चहाले कावून पाठोता, थे मले समजते."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"वावरात तिले पयले मीच पाहिलं. बाटली तिच्या हाताखाली होती. झाकन पक्कं होतं. मी धुऱ्यावर, बांधाच्या मातीत गाडून टाकली आन मंग लोकाईले आवाज देल्ला."

"कोनाले सांगितलं?"

"कोनाले नाही. तिच्या भावाईनं मले मारलं असतं, थे चाललं असतं. पन तिले बोलता येत नव्हतं साहेब. तिच्या माघारी लोकं तिच्याबद्दल काहीबाही बोलतीन, म्हनून नाही सांगितलं." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "दीड वर्ष झालं, मी तिले एकटं सोडत नाही. मजुरीले जातो तर मधातच घरी पाहून येतो. तिले वाटते मले माहीत नाही. मी सांगू का तिले, का नको सांगू?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. तिचं गुपित आपण सांभाळतोय असं ते दीड वर्ष समजत होते, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून, भिंतीला टेकून बसला तेव्हापासून, तेच एकटा वाहत होता. 'कोनाचा दोष नाही' हे डॉक्टरांचं वाक्य त्याने कसं ऐकलं असेल, कोण जाणे.

डॉक्टर उठले. बाहेर जाऊन सुनंदाला हाताला धरून आत आणलं, आपल्या स्टुलावर बसवलं. मला डोळ्यांनीच चल म्हणाले. आम्ही दोघं बाहेर आलो, त्यांनी दार ओढून घेतलं आणि ते पेशंटच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी लकवा झालेल्या बापाला घेऊन आलेला एक जण होता.

"डॉक्टरसाहेब, आत कोन आहे?" त्याने विचारलं.

"पेशंट आहे."

"मंग तुमी बाहेर कावून?"

"आतमधी माह्यं काम नाही," डॉक्टर म्हणाले.

अर्धा तास गेला असेल. आतून बोलण्याचा आवाज आला नाही. एकदा फक्त स्टूल सरकल्यासारखं वाटलं, आणि डॉक्टर उठता उठता पुन्हा बसले. मग दार उघडलं. दोघांचेही डोळे सुजले होते. सुनंदाने त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती, आणि ती तशीच धरून ती बाहेर आली.

डॉक्टरांनी तिची रक्ताची चिठ्ठी घेतली, तिच्यावर गोळीचं प्रमाण लिहिलं आणि प्रल्हादच्या हातात दिली.

"पुढच्या महिन्यापासून रक्त मूर्तिजापूरलेच तपासजा," ते म्हणाले. "इथं यायची आता गरज नाही."